भिंगाखाली पिवळा सापडत नाही, मग स्क्रीनवर तो दिसतो कसा?

रंगशोधक (धागाकर्ता)

मॉनिटर २४ इंची, १९२० × १०८०, एलसीडी. पडदाभर पिवळा (लाल २५५, हिरवा २५५, निळा ०) भरला आणि ३० पट भिंगातून पाहिलं, तर पिवळं काहीच नाही. एक लाल पट्टी, शेजारी हिरवी पट्टी, मग काळी फट, की पुन्हा लाल. भिंग बाजूला केलं की लख्ख पिवळा. रंगपेटीतले लाल आणि हिरवा कालवले की चिखलासारखा रंग होतो, मग इथे त्याच दोघांचा पिवळा कसा होतो?

दुसरी अडचण प्रोग्राममधली. डाव्या टोकाला लाल (२५५, ०, ०), उजव्या टोकाला हिरवा (०, २५५, ०) आणि मध्ये टप्प्याटप्प्याने सरासरी, असा पट्टा काढतोय. मधोमध (१२८, १२८, ०) येतो आणि तिथे पट्टा मळकट, काळपट होतो. दोन्ही टोकं उजळ, मग मधलाच भाग का विझतो?

तिसरं, तपकिरी. स्क्रीनवर तो सहज दिसतो, पण तीन रंगांच्या एलईडीवर कितीही आकडे बदलले तरी नारिंगीच येतो. कोणता आकडा चुकतोय?

---

शंकुपेशी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, कारण बाकीचे दोन त्यावरच उभे आहेत.

तुमच्या मॉनिटरचा एक पिक्सेल साधारण ०.२७७ मिमी रुंद आहे. त्यात लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या, म्हणजे एकेक पट्टी सुमारे ०.०९ मिमी. चांगली नजर एका कलामिनिटाइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखू शकते. ६० सेंमीवरून ही एक पट्टी जेमतेम अर्ध्या कलामिनिटाएवढी भरते. लाल आणि हिरवा प्रकाश दृष्टिपटलावर एकाच ठिकाणी सांडतो आणि दोन्ही वेगळे ओळखायला डोळ्याकडे साधन उरत नाही. भिंगाने तुम्ही त्या पट्ट्या पुन्हा दूर केल्या, म्हणून पिवळा मोडला.

आता तो पिवळाच का दिसतो ते. डोळ्यात शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्या साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त चेततात, पण त्यांचे पल्ले एकमेकांवर बरेच चढलेले असतात, विशेषतः शेवटच्या दोघींचे. सोडियमच्या दिव्याचा ५८९ नॅनोमीटरचा शुद्ध पिवळा प्रकाश आला की शेवटच्या दोन्ही पेशी ठराविक प्रमाणात चेततात आणि पहिली जवळजवळ गप्प राहते. लाल आणि हिरवा एकत्र पाठवून त्या पेशींना तेवढंच चेतवलं, तर मेंदूपर्यंत पोचणारा निरोप अगदी तोच असतो. पेशी फक्त 'किती' एवढंच कळवते, 'कोणत्या तरंगलांबीने' हे ती कळवतच नाही. प्रकाश वेगळा पण रंग एकच, अशा जोड्या आपल्याला सतत फसवत असतात आणि प्रत्येक स्क्रीन याच फसवणुकीवर चालते. डोळ्यात तीन प्रकारचे संवेदक असतात ही कल्पना टॉमस यंगने १८०२ मध्ये मांडली आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून घेतलेली तीन छायाचित्रं एकमेकांवर टाकून ती दाखवली.

रंगपेटीचं गणित उलटं आहे. रंगद्रव्य प्रकाश गिळतं. लाल द्रव्य हिरवा गिळतं, हिरवं द्रव्य लाल गिळतं, दोघांनी मिळून जवळजवळ सगळं गिळलं की उरतो तो चिखल. स्क्रीनवर एका प्रकाशात दुसऱ्याची भर पडते, म्हणून मिश्रण दोघांपेक्षा उजळच होतं. इथे कोणी कोणाचं काही खात नाही.

भिंगाखाली अजून एक पाहा. एलसीडीत पिवळ्याच्या वेळी निळी पट्टी बंद झालेली नसते, झाकलेली असते. मागे पांढरा बॅकलाइट अखंड पेटलेला असतो. त्याच्यापुढे पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणारी गाळणी), मग लिक्विड क्रिस्टलचा थर, रंगीत फिल्टर, पुन्हा पोलरायझर. क्रिस्टलवर व्होल्टेज बदलून प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा वळवायची आणि दुसऱ्या पोलरायझरमधून किती सुटू द्यायचा ते ठरवायचं, एवढाच पट्टीचा उद्योग. झाकण पूर्ण घट्ट बसत नाही, म्हणून अंधाऱ्या खोलीत 'काळी' फट भिंगातून निळसर मिणमिणताना दिसेल. ओएलईडीमध्ये बॅकलाइट नसतो, बंद पट्टी खरोखर बंद असते.

मोबाइलसाठी भिंग नसलं तरी चालतं. ओल्या बोटाने काचेवर दोनेक मिलिमीटरचा पाण्याचा थेंब ठेवा, थेंबच भिंग होतो. ओएलईडी मोबाइलवर बहुधा पट्ट्यांऐवजी ठिपके दिसतील आणि हिरवे ठिपके लाल-निळ्यांच्या दुप्पट असतील. मॉनिटरवर मात्र हा उपाय करू नका. खरखरीत लेपावर थेंब पसरतो, आणि ओघळून खालच्या कडेत शिरला तर पॅनेल जातं.

---

घातांक

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात: १२८ म्हणजे निम्मा प्रकाश नाही.

० ते २५५ हे आकडे प्रकाशाचं माप नाहीत. उजळपणा डोळ्याला जसा जाणवतो त्याच्या जवळ जाणाऱ्या पायऱ्या आहेत. एसआरजीबी या मानकात १२८ लिहिलं की स्क्रीन पूर्ण प्रकाशाच्या फक्त २१.६ टक्के देते. निम्मा प्रकाश हवा असेल तर १८८ लिहावं लागतं. डोळा अंधाऱ्या छटांमधला फरक बारीक पकडतो, उजळ छटांमधला तितका नाही. म्हणून ८ बिटांतल्या २५६ पायऱ्यांपैकी जास्त पायऱ्या अंधाराकडे दिल्या आहेत. साठवायला सोय उत्तम, पण बेरीज-सरासरी करायची तर हे आकडे थेट वापरता येत नाहीत.

तुमच्या पट्ट्याचाच हिशोब करू. पांढऱ्याचा उजळपणा १ धरला तर त्यात लालचा वाटा ०.२१२६, हिरव्याचा ०.७१५२ आणि निळ्याचा ०.०७२२. डावं टोक ०.२१, उजवं टोक ०.७२. मधला (१२८, १२८, ०) येतो ०.९२७८ गुणिले ०.२१६, म्हणजे ०.२०. मधला बिंदू दोन्ही टोकांपेक्षा, अगदी लालपेक्षाही अंधारा! प्रकाशाची खरी सरासरी केली तर तो ०.४६ यायला हवा आणि त्यासाठी आकडे (१८८, १८८, ०) लागतात.

कृती अशी. प्रत्येक आकडा २५५ ने भागून 'क' काढा. क ०.०४०४५ पेक्षा जास्त नसेल तर क ÷ १२.९२. जास्त असेल तर ((क + ०.०५५) ÷ १.०५५) चा २.४ वा घात. हा झाला खरा प्रकाश. मिश्रण, सरासरी, धूसर करणं, चित्र लहान करणं, जे काही करायचं ते या आकड्यांवर करा. मग उलट जा: निकाल ०.००३१३०८ पर्यंत असेल तर १२.९२ ने गुणा, नाहीतर (निकालाचा १ ÷ २.४ वा घात) × १.०५५ − ०.०५५. शेवटी २५५ ने गुणून पूर्णांक करा. मधले आकडे दशांशातच ठेवा. ते ८ बिटांत साठवलेत तर अंधाऱ्या छटा एकमेकींत मिसळून पायऱ्या दिसू लागतात.

हे सगळीकडे आंधळेपणाने लावू नका. काळा ते पांढरा असा पट्टा खऱ्या प्रकाशाच्या हिशोबाने काढला तर पाऊण पट्टा फिकट दिसतो आणि काळा डाव्या कोपऱ्यात दाटतो. तिथे नुसत्या आकड्यांची सरासरीच डोळ्याला सम वाटते. दोन प्रकाश एकमेकांवर पडल्यासारखे हवे असतील, कडा मऊ करायच्या असतील किंवा चित्राचा आकार बदलायचा असेल, तर खरा प्रकाश. फक्त दिसायला सुरेख पट्टा हवा असेल, तर २०२० मध्ये आलेल्या ओकेलॅब या रंगअवकाशात (रंग आकड्यांत मांडायच्या पद्धतीत) मिश्रण करा. आताचे ब्राउझर सीएसएसच्या ग्रेडियंटमध्ये तो थेट समजतात.

कोडवर विश्वास ठेवण्याआधी डोळ्याने तपासा. ४०० × ४०० चं पीएनजी चित्र घ्या. त्यात एक आडवी ओळ पूर्ण पांढरी, पुढची पूर्ण काळी, अशा एकेक पिक्सेलच्या ओळी भरा. मधोमध १८८ राखाडीचा चौकोन आणि शेजारी १२८ चा. दोनेक मीटर मागे जाऊन डोळे किलकिले करा. ओळी निम्मा प्रकाश देतात, त्यामुळे १८८ चा चौकोन त्यांत विरघळतो आणि १२८ चा भोकासारखा काळा उठून दिसतो. जेपीजी वापरू नका, त्याच्या दाबणीत ओळी बिघडतात. बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षीही टाळा, काही एलसीडींवर तिने पडदा लुकलुकतो.

---

अर्धवर्णपट

शंकुपेशी यांचं उत्तर पटलं, फक्त एक दुरुस्ती. 'पिवळा प्रकाश स्क्रीनमधून येतच नाही' असा अर्थ कोणी काढला, तर तो सगळ्या एलसीडींना लागू होत नाही. साध्या बॅकलाइटमध्ये ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा एलईडी असतो आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा देणाऱ्या पदार्थाचा लेप. हा फॉस्फर हिरव्यापासून लालपर्यंत रुंद पसरलेला प्रकाश देतो, ज्यात ५८० नॅनोमीटरही भरपूर आहे. लाल आणि हिरव्या फिल्टरचे पल्ले तिथेच एकमेकांवर चढतात, म्हणून अशा पडद्याच्या पिवळ्यात थोडा खराखुरा पिवळा गळतोच. क्वांटम डॉट (प्रकाशाचा रंग बदलणारे अतिसूक्ष्म कण) किंवा अरुंद पल्ल्याचा लाल फॉस्फर असलेल्या पडद्यांत ही गळती बरीच कमी असते आणि म्हणूनच त्यांचे लाल-हिरवे जास्त गडद दिसतात.

घरबसल्या बघायचं तर जुनी सीडी पुरे. तिच्यावरच्या रेषांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर आहे, ती प्रकाश फाकवते. काळ्या पडद्यावर दोन मिलिमीटर रुंदीची एकच उभी पांढरी रेघ काढा, खोलीत अंधार करा, अर्ध्या मीटरवरून सीडी तिरकी धरून रेघेचं रंगीत प्रतिबिंब शोधा. हिरव्यातून लालकडे पट्टा सलग जात असेल तर साधा फॉस्फर. मध्ये ठळक अंधार आणि पलीकडे लाल वेगळा तुटून उभा असेल तर अरुंद स्रोत. मग तीच रेघ पिवळी करून पाहा, निळा तेवढा गायब होतो.

---

रंगशोधक

सीडीवर पाहिलं. हिरव्यातून लालकडे सलग पट्टा आहे, म्हणजे माझा साधाच.

घातांक यांची ओळींची चाचणी मात्र उलटी येतेय. ओळी १८८ शी जुळत नाहीत, १२८ शीच तंतोतंत जुळतात. पीएनजीच आहे, फोटो पाहण्याच्या ॲपमध्ये उघडली होती. सूत्र चुकलं की मॉनिटर?

---

घातांक

दोन्ही नाही. 'तंतोतंत १२८' यातच उत्तर आहे. (० + २५५) ÷ २. कोणीतरी ओळी पडद्यावर पोचण्याआधीच आकड्यांची सरासरी करून टाकलीय. म्हणजे तुमच्या प्रोग्राममध्ये जी चूक आहे, तीच फोटोच्या ॲपमध्ये आहे.

ओळींवर भिंग धरा. पूर्ण पेटलेली एक ओळ आणि पूर्ण विझलेली एक ओळ दिसायला हवी. सगळेच पिक्सेल अर्धवट पेटलेले दिसले, तर ओळी उरलेल्याच नाहीत. कारण बहुधा प्रणालीचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्क्यांवर असणं, किंवा ॲपने चित्र खिडकीच्या मापात बसवणं. स्केलिंग १०० टक्के करा, रिझोल्यूशन पॅनेलचं मूळचं म्हणजे १९२० × १०८० ठेवा, ॲपमध्ये 'मूळ आकार' निवडा. ब्राउझरमध्ये उघडत असाल तर झूमही १०० टक्के.

त्यानंतरही १८८ जुळला नाही तर मग मॉनिटरकडे वळा. १८८ चा चौकोन ओळींपेक्षा उजळ दिसला तर मॉनिटरचा गॅमा (आकड्यातून प्रकाश ठरवणारा घात) कमी आहे, काळपट दिसला तर जास्त. मेनूत गॅमा २.२ ठेवा, 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' आणि शार्पनेसची सगळी करामत बंद करा. शार्पनेस ओळींच्या कडा फुगवतो आणि चाचणी खोटी पाडतो. डोळा पडद्याच्या मध्याशी समोरासमोर ठेवा. टीएन या प्रकारच्या एलसीडी पॅनेलवर मान जरा खालीवर केली तरी राखाडी बदलतो.

---

अर्धवर्णपट

हात घातलाच आहात तर केबलकडूनही दोन गोष्टी तपासा. मॉनिटर एचडीएमआयवर असेल आणि संगणकाने त्याला टीव्ही समजलं असेल, तर ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ ही मर्यादित श्रेणी जाते. संगणक मर्यादित पाठवत असेल आणि मॉनिटर ती पूर्ण धरत असेल, तर काळा राखाडी पडतो. उलटी चूक झाली की १६ च्या खालचं सगळं एकच काळं होतं. दोन्हीकडे 'पूर्ण' निवडा.

दुसरं, रंगाची काटछाट. रंगातला बारीक तपशील डोळ्याला उजळपणातल्या तपशिलाइतका दिसत नाही, म्हणून व्हिडिओत चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद देतात. याला ४:२:० म्हणतात. चित्रपटात ते कळत नाही, पण संगणकाच्या पडद्यावर निळ्या पार्श्वभूमीवर एक पिक्सेल जाडीची लाल अक्षरं लिहिली की लगेच उघडं पडतं. अक्षरं फासटली आणि पांढऱ्यावरची काळी मात्र धारदार राहिली, तर ड्रायव्हरमध्ये ४:४:४ किंवा आरजीबी निवडा.

---

शंकुपेशी

तपकिरी राहिला. एलईडीवर तो येत नाही यात तुमचा आकडा चुकलेला नाही. तपकिरी प्रकाश असा काही नसतोच. आजूबाजूच्या उजेडापेक्षा अंधारा पडलेला नारिंगी आपल्याला तपकिरी दिसतो.

आकड्यांतून हे सरळ दिसतं. (१५०, ७५, ०) हा नेहमीचा तपकिरी. त्याचा खरा प्रकाश घातांक यांच्या सूत्राने काढला तर लाल ०.३०५, हिरवा ०.०७०. हेच प्रमाण ठेवून लाल पूर्ण पेटवला तर येतो (२५५, १३२, ०), चक्क नारिंगी. म्हणजे दोघांचा रंग एकच, फक्त पहिल्याचा प्रकाश ३० टक्के. रात्री खोली पूर्ण अंधारी करून पडदाभर (१५०, ७५, ०) भरा आणि मिनिटभर थांबा. तो नारिंगी दिसू लागेल. आता भोवती पांढरी चौकट आणा, आकडा न बदलता त्याच क्षणी तपकिरी. एलईडी एकटाच पेटलेला असतो, त्याला तुलनेला पांढरं काही नसतं. त्याच्या शेजारी बराच जास्त उजळ पांढरा एलईडी एकाच पातळ पांढऱ्या कागदामागे ठेवा, मध्ये पुठ्ठ्याची आडभिंत घाला म्हणजे प्रकाश मिसळणार नाही, आणि पाहा.

एलईडीबद्दल अजून एक, कारण तुमचे आकडे तिथेही वेगळं वागत असणार. पल्सरुंदीने, म्हणजे झपाट्याने चालू-बंद करून मंद केलेला एलईडी आकड्याच्या सरळ प्रमाणात प्रकाश देतो. तिथे १२८ म्हणजे खरोखर निम्मा प्रकाश. स्क्रीनचे (१५०, ७५, ०) जसेच्या तसे एलईडीला दिले तर लाल-हिरव्याचं प्रमाण १ : ०.२३ ऐवजी १ : ०.५ होतं आणि रंग पिवळ्याकडे सरकतो. आधी खरा प्रकाश काढा, मग २५५ ने गुणा: (७८, १८, ०). ८ बिटांच्या पल्सरुंदीत खालच्या छटांचे हाल होतात. स्क्रीनच्या पहिल्या वीस आकड्यांना तिथे ०, १, २ एवढ्याच पायऱ्या मिळतात, म्हणून मंद होत जाताना दिवा झटके देतो. १२ बिटांचा ड्रायव्हर असेल तर तो वापरा.

रोधकही तपासा. ५ व्होल्टवर लाल एलईडी सुमारे २ व्होल्ट खातो, हिरवा आणि निळा सुमारे ३.१. तिन्हींना सारखाच रोधक लावला तर लालमधून जास्त विद्युतधारा जाते. लालला ३३० ओहम, बाकीच्यांना २२० ओहम लावले की तिन्हींतून ९ मिलिअँपिअरच्या आसपास जाते. तेवढ्याने पांढरा शुद्ध येईलच असं नाही, कारण सारख्या धारेत तिन्ही एलईडींचा उजळपणा सारखा नसतो. पांढऱ्या कागदावर तिन्ही पूर्ण पेटवा. कागद निळसर दिसला तर निळ्याचा कमाल आकडा २५५ वरून थोडा थोडा खाली आणा, मग हिरव्याचा, आणि जे तीन आकडे सापडतील त्यांनीच पुढचं प्रत्येक मूल्य गुणून २५५ ने भागा. सगळे आकडे उलटे वागत असतील, २५५ ला दिवा विझत असेल, तर तुमचा एलईडी सामाईक धनाग्राचा आहे, म्हणजे तिन्ही रंगांची धन बाजू एकच आहे. प्रत्येक मूल्य २५५ मधून वजा करून पाठवा.